घोषणांच्या आडून दळण

आमच्या पेठेत शाल आणि नारळ देऊन एका गिरणीवाल्याचा जाहीर सत्कार झाला, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. शाल एव्हाना विरली असेल आणि नारळ तर त्याच आठवड्यात वाटणात गेला असणार. माझ्या पोटातली आग मात्र विझलेली नाही. तो सत्कार माझा व्हायला हवा होता. ज्याचा झाला त्याचा पिस्टन तुटलेला होता, एवढंच त्याचं देशकार्य.

नीट सांगतो, म्हणजे मी उगाच कुरकुरतो असं कुणी म्हणणार नाही.

मी कोकणातून कल्याणला आलो तेव्हा अंगावरचे कपडे आणि तापट डोकं एवढीच माझी मिळकत होती. एका भातगिरणीत इंजिनाला तेल घालायचं काम मिळालं. तिथे मालक शिव्या द्यायचा, त्या ऐकता ऐकता मी इंजिन शिकलो. पुढे भिवंडीच्या एका यंत्रमागवाल्याकडे जुनं ऑइल इंजिन पडून आहे असं कळलं. मी ते बघायला गेलो, चालू करून घेतलं आणि कानांत बोटं घातली.

"शेठ, हे इंजिन आहे की तोफखाना? एवढं ओरडतं म्हणजे आतून खिळखिळं झालेलं आहे."

"आवाज मोठा आहे, काम चोख आहे."

"आवाजाचे पैसे मी देणार नाही. कामाचे सांगा."

असा मी तिथे पुन्हा पुन्हा गेलो. प्रत्येक वेळी आवाजाला नावं ठेवली आणि प्रत्येक वेळी भाव थोडा खाली आणला. शेवटी तो माणूस हात जोडून म्हणाला, "घेऊन जा बाबा. इंजिनाचा नाही, तुझाच आवाज सहन होत नाही मला." त्या सौद्याचा मला फार अभिमान होता. आवाजाच्या नावाखाली जे वाचवलं ते पुढे आवाजापायीच फेडावं लागेल, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

पारनाक्याजवळ पिठाच्या गिरणीसाठी एक गाळा घेतला, पट्टा चढवला, दगड बसवले. छपरातून नळकांडं वर काढलं आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून त्यावर एक पत्र्याचं टोपण बसवलं. इंजिन चालू झालं की ते टोपण प्रत्येक ठोक्याला उडायचं आणि पुक्-पुक् आवाज थेट खाडीपर्यंत जायचा. आगरवाड्यातल्या बायका त्या आवाजावर चुली पेटवायच्या. मुलं शाळेला निघायची. गिरणी चालू आहे की बंद हे विचारायला कुणाला यावं लागत नसे. माझी जाहिरात आकाशातून होत होती.

मग छप्पन साल उजाडलं आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली. तिथे गोळ्या चालल्या, माणसं गेली. त्याची थट्टा मी करणार नाही. आमच्या आळीतल्या एका म्हातारीचा भाचा गिरगावात पायाला गोळी लागून पडला होता. ती दोन दिवस नुसती भिंतीकडे बघत बसली होती. माझी थट्टा आहे ती आमच्या पेठेतल्या शूरांची.

पहिल्या हरताळाच्या सकाळी माझ्याकडे दोन पाहुणे आले. आधी आले समोरच्या माडीवरचे वकील. ते पेठेच्या हरताळ कमिटीचे प्रमुख होते. कोर्टात त्यांचा आवाज निघत नाही असं लोक म्हणत, पण चौकात तो सुरेख निघायचा.

"गिरणी बंद ठेवायची," ते म्हणाले.

"किती दिवस?"

"मुंबई मिळेपर्यंत."

"साहेब, मुंबई मिळेपर्यंत लोकांनी खायचं काय?"

"तुम्ही मराठी आहात ना?"

"आहे की. म्हणून तर मराठी माणसांचं दळण दळतो."

"मुंबईत उघड्या दुकानांचं काय होतंय ते वाचता ना वर्तमानपत्रात? जमाव माझ्या हातात आहे तोवर ठीक. दगड काही माझं ऐकणार नाहीत."

ते गेले आणि फौजदार आले. घामेजलेले, टोपी काखेत. वरून त्यांना हुकूम होता की बाजार उघडा दिसला पाहिजे.

"गिरणीचा परवाना कुणी दिला?"

"सरकारनं."

"मग सरकार सांगतं, चालू ठेवायची. बंद दिसली तर परवान्याचं बघावं लागेल."

"आणि जमावानं गिरणी फोडली तर?"

"तर रीतसर पंचनामा करू," फौजदार म्हणाले. मोठ्या मायेनं म्हणाले.

म्हणजे उघडली तर फुटणार आणि बंद ठेवली तर परवाना जाणार. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. शेत नव्हतं, नोकरी नव्हती, गावाला परत जाऊन दाखवायला तोंड नव्हतं. गिरणी गेली असती तर मी पुन्हा कुणाच्या तरी इंजिनाला तेल घालत बसलो असतो. त्या दिवशी मी दारं लावून घेतली आणि आमच्या मंडळींवर उगाच ओरडलो. ती म्हणाली, "माझ्यावर कशाला? मी काय मुंबई मागितलीय?"

नाक्यापलीकडे माझा प्रतिस्पर्धी होता. त्याची गिरणीसुद्धा बंद. पण ती हरताळाच्या आधीपासूनच बंद होती. त्याचा पिस्टन तुटून दुरुस्तीला भायखळ्याच्या कारखान्यात गेला होता आणि दंगलीमुळे तिथेच अडकला होता. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण तो माझ्याकडेच जादा पिस्टन मागायला आला होता. मी दिला नाही. तो परत गेला आणि आपल्या बंद दारावर त्यानं पाटी लावली: 'मुंबईसाठी बंद'. पिस्टन मुंबईत होता, तेव्हा पाटी खोटी होती असं म्हणता येणार नाही.

वाणी, कापडवाले, पानवाले यांचं ठीक होतं. त्यांची दुकानं फळ्यांची. पुढच्या सगळ्या फळ्या लावून कडेची एक काढून ठेवायची, त्या फटीतून साखर जाते, लुगडं जातं, आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला दुकान बंद दिसतं. सगळा बाजार त्या एका फळीवर चालला होता. कमिटीही खूष, फौजदारही खूष. माझ्या गिरणीला फळी होती, पण त्या पुक्-पुक् आवाजाला फळी कुठून लावणार?

दोन-तीन दिवसांत घराघरांतली पिठं संपली. तेव्हा आमच्याकडे पीठ साठवून ठेवायची रीत नव्हती. आठवड्याचं दळण, तेही ताजं. मग माझ्या मागच्या दारावर टकटक सुरू झाली. पहिली आली आगरवाड्यातली एक बाई, डोक्यावर तांदळाची पाटी घेऊन.

"आमचे पोरांनी काय घोषनाच खावाच्या का र दादा?"

"बंद आहे, मावशी."

"बंद पुडल्या दारानं. मी मागल्या दारानं आलीय."

तिला मी कशीबशी परत पाठवली. मग शिंपी आला, मग मास्तर आले, मग कमिटीचे खजिनदार आले. प्रत्येकाकडे डबा आणि प्रत्येकाचं एकच म्हणणं, "माझं तेवढं काढून द्या. आवाज न करता." खजिनदारांना मी विचारलं, आवाज न करता कसं? ते म्हणाले, "हळू फिरवा ना." मी त्यांना हँडल हातात देऊन म्हटलं, "घ्या, फिरवा हळू." ते दुखावले.

आणि एका संध्याकाळी खुद्द वकील आले. अंगावर शाल होती आणि शालीखाली पोट एकाएकी चौकोनी झालेलं.

"काय आहे ते?" मी विचारलं.

"चार शेर गहू," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "घरात भात खाऊन सगळे कंटाळलेत. वडील आलेत घाटावरून, त्यांना भात चालत नाही."

त्या क्षणाला मला जो आनंद झाला तो मला आजवर कुठल्या सौद्यात झालेला नाही. मी स्टूल पुढे केलं. "बसा साहेब. बोलू."

आम्ही बोललो. मी म्हणालो, एकट्या तुमच्यासाठी हँडल मारणार नाही. इंजिन चालू झालं तर सगळ्या पेठेचं दळण निघेल, आणि एकही दगड माझ्या कौलांवर पडणार नाही ही हमी तुमची. ते म्हणाले, आवाज ऐकल्यावर बाहेरच्या आळीतली पोरं येतील, त्यांना मी अडवू शकणार नाही. मी म्हणालो, मग आवाज ऐकू येता कामा नये. ते म्हणाले, ते कसं शक्य आहे?

"मोर्चा काढता ना तुम्ही रोज?"

"काढतो."

"कुठून जातो?"

"टिळक चौकातून स्टेशनकडे."

"स्टेशनला कशाला दमवता लोकांना? इथेच काढा. माझ्या गिरणीभोवती फिरा. जेवढा वेळ इंजिन चालेल तेवढा वेळ ओरडा."

वकिलांनी शाल सावरली. त्यांच्या डोळ्यांत मला कोर्टात न जिंकलेले सगळे खटले दिसले. ते म्हणाले, "कमिटीपुढे ठेवावं लागेल." कमिटीतल्या प्रत्येकाचा डबा घरी रिकामा होता. ठराव एकमतानं झाला: पारनाक्याची जनता जागृत करण्याची विशेष गरज आहे.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या आळीत जो मोर्चा सुरू झाला तसा तालुक्यात कुठे झाला नसेल. सकाळी बायका मागच्या दारानं डबे आत ठेवून जायच्या आणि दुपारी त्याच बायका पुढच्या रस्त्यानं मुठी उगारून यायच्या. वकील सगळ्यांत पुढे. त्यांनी हात वर केला की मी आत हँडल मारायचो. पुक्-पुक्, पुक्-पुक्. बाहेर घोषणा आपोआप त्याच ठेक्यावर बसली. 'संयुक्त महाराष्ट्र', पुक्-पुक्, 'झालाच पाहिजे', पुक्-पुक्. ठोका चुकला की मला आतून कळायचं, कुणीतरी पाणी प्यायला थांबलंय.

प्रत्येक धान्याला वेगळा वेळ लागतो. तांदूळ लवकर निघतो, त्या दिवशी घोषणा आटोपशीर. ज्वारी आली की भाषणही व्हायचं. हरभऱ्याच्या डाळीला तर वकिलांना छत्रपतींपासून सुरुवात करावी लागायची. एकदा डाळ ओलसर निघाली, दगडाला चिकटायला लागली, तेव्हा मास्तरांना पुढे करून त्यांनी सबंध पोवाडा म्हणून घेतला. लोकांच्या अंगावर काटा आला. दळणाचा क्रमही मला पाळावा लागे, आधी तांदूळ, मग गहू, मग ज्वारी, डाळ शेवटी. घाईत गव्हावर डाळ टाकली असती तर जागृत जनता पोळी पिवळी का म्हणून माझ्याच अंगावर आली असती.

वकिलीणबाईंचा त्रास निराळाच. त्यांना पीठ फार बारीक लागायचं. मोर्च्यात त्या माझ्या खिडकीशी आल्या की मूठ वर करून म्हणायच्या, "झालाच पाहिजे! अहो, पुन्हा एकदा काढा, जाड आहे! झालाच पाहिजे!"

फौजदारांना कळत नव्हतं असं नाही. त्यांचा डबा पोलीस लाइनीतल्या हवालदारीणबाईंच्या डोक्यावरून यायचा, बाजरीचा. वर कळवायला त्यांच्याकडे 'गिरणी चालू' होती आणि वकिलांकडे 'बाजार बंद' होता. दोन्ही खरं. माझ्यासारखा सौदा त्या काळात दिल्लीत कुणाला जमला असता तर बरंच काही वाचलं असतं, असं मला वाटायचं. मी छाती काढून फिरायला लागलो. आमची मंडळी म्हणाली, "फार हवेत जाऊ नका. एवढी माणसं एकदम गप्प बसली तर काय कराल?"

तसंच झालं.

ठाण्याहून वरचे साहेब पाहणीला आले. फौजदारांना त्यांना काहीतरी उघडं दाखवायचं होतं, आणि सगळ्या कल्याणात उघडं असं माझंच इंजिन. मोर्चा ऐन भरात होता. आत वकिलांचे चार शेर गहू वरच्या पेटीतून खाली उतरत होते. फौजदारांनी गर्दीतून वाट काढली आणि माझं पुढचं दार सताड उघडलं. मागे साहेब. त्यांच्या मागे सगळा मोर्चा, तोंड उघडं टाकून.

घोषणा थांबल्या. सगळी आळी गप्प झाली. आणि त्या शांततेत माझं इंजिन एकटंच: पुक्-पुक्, पुक्-पुक्, पुक्-पुक्.

साहेब पुढे आले, माझ्या पिठानं भरलेल्या खांद्यावर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणाले, "शाबास! एवढा जमाव दारात असताना धंदा चालू ठेवलात. असे निर्भय नागरिक पाहिजेत सरकारला."

मी इंजिनाचं तेल तोडलं, पण ते जड चाक लगेच थोडंच थांबतं? पुक्... पुक्... करत बराच वेळ माझी बेअब्रू करत राहिलं. बाहेरच्या आळीतली पोरं एव्हाना गर्दीत घुसली होती. एकाच्या हातात वीट मला स्पष्ट दिसली. कुणीतरी काहीतरी बोलणं भाग होतं. ते वकील बोलले.

"फितूर!" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "लोकांनी रक्त सांडायचं आणि यानं पीठ विकायचं!"

मग सगळेच ओरडले. शिंपी ओरडला, मास्तर ओरडले, खजिनदार तर अगदी घसा फोडून ओरडले. वकिलीणबाई तेवढ्या गप्प होत्या. त्यांची नजर पेटीकडे होती.

माझ्या जिभेवर आलं होतं. "या पेटीत कुणाचे गहू आहेत ते विचारा," एवढंच म्हणायचं होतं. माझं डोकं कसं आहे हे मला ठाऊक आहे. कमी कारणासाठी मी माणसांची गचांडी धरलेली आहे. पण मी हिशेब केला. खरं बोललो तर साहेबांना कळणार की मोर्चा म्हणजे पडदा आहे, मोर्च्यावर लाठ्या पडणार. लाठ्या पडल्या की ती वीट पहिली माझ्या नळकांड्यावर येणार. मग दगड, मग पट्टा, मग मी भातगिरणीत तेल घालायला. फितूर म्हणवून घेतलं तर पोलीस निदान दारात उभे राहणार होते. मी तोंड मिटलं. आयुष्यातला तो एकच सौदा, ज्यात मी तोंड न उघडता हरलो.

गिरणी वाचली. नाव गेलं.

दंगल निवळली. त्यानंतर पेठेतले लोक मला रस्त्यात बघून दुसरीकडे बघायला लागले. दळण टाकायला मात्र यायचे, कारण पलीकडचा पिस्टन आला तरी बसला नव्हता. यायचे मागच्या दारानं. दिवसाढवळ्या, हरताळ नसताना, मोकळ्या हवेत, मागच्या दारानं. मी विचारायचो, "आता कशाला लपता?" तर म्हणायचे, "बरं नाही दिसत." पुढच्या दारात माझा तराजू धूळ खात होता आणि मागच्या बोळात रांग. कुठल्याही धंद्याचा असा अपमान मी पाहिलेला नाही.

पुढच्या वर्षी निवडणूक झाली, हवा फिरली, आणि कमिटीनं आंदोलनात त्याग केलेल्या व्यापाऱ्यांचा सत्कार ठेवला. आमच्याच आळीच्या तोंडाशी मंडप, कर्णा, सतरंज्या. मला बोलावणं नव्हतं, पण मी माझ्या उंबऱ्यावर उभा राहिलो तर मला कोण उठवणार? वकिलांनी भाषण केलं. मग त्यांनी पलीकडच्या गिरणीवाल्याला पुढे बोलावलं. "या माणसानं," ते म्हणाले, "पदरचं नुकसान सोसून दार एक दिवसही उघडलं नाही." तो बिचारा खाली बघत होता. त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. त्याच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. इथपर्यंत मी सोसलं.

मग वकिलांनी माझ्या दाराकडे तोंड केलं. "आणि दुसरे एक गिरणीवाले. नाव घेत नाही मी त्यांचं..."

मी आत गेलो. चाकाला हँडल लावलं आणि असं मारलं की खांद्यात कळ आली. दगडात दाणा नव्हता. नुसताच आवाज करायचा होता. कर्ण्याच्या वर जाईल एवढा.

पुक्-पुक्. पुक्-पुक्.

पुढे काय होईल याचा मी काहीच विचार केला नव्हता, देवाशपथ सांगतो. मला त्यांचं भाषण बुडवायचं होतं एवढंच. पण आवाज सुरू झाला आणि सतरंजीवर बसलेल्या बायकांतली आगरवाड्यातली ती मावशी सवयीनं ओरडली, "संयुक्त महाराष्ट्र!" आणि सगळा मंडप सवयीनं ओरडला, "झालाच पाहिजे!" पुक्-पुक्. "झालाच पाहिजे!" पुक्-पुक्. ठेका तसूभरही चुकला नाही. वकिलांचा हात आपोआप वर गेला होता. तो खाली कसा आणावा हे त्यांना सुचेना. कर्ण्यातून त्यांचं "बसा, बसा" ऐकू येत होतं, पण इंजिन चालू असताना ओरडायचं थांबायचं नाही हे त्यांनीच लोकांना शिकवलं होतं.

मग बायका हसायला लागल्या. एकीला सुरू झालं ते दुसरीला लागलं. पुरुष इकडे तिकडे बघायला लागले. मावशी उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "इंजिन लावलंय तर तांदूल तरी आनते." ती निघाली, तिच्या मागे चार-पाच निघाल्या, आणि थोड्याच वेळात मंडपात शाल पांघरलेला एक माणूस, वकील आणि खजिनदार एवढेच उरले. बाकीची पेठ डबे घेऊन माझ्या दारात होती. पुढच्या दारात. सगळ्यांच्या देखत.

मी तराजूवरची धूळ फुंकली.

रांगेत वकिलीणबाई होत्या. नवऱ्याच्या समोरून, मंडपाच्या मधून डबा घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, रांग आहे. नंबरानं घेईन."

"घ्या नंबरानं," त्या म्हणाल्या. "पण बारीक काढा. त्या दिवशी तुम्ही इंजिन मध्येच थांबवलंत, अर्धे गहू भरडच राहिले. सासऱ्यांनी चार दिवस नावं ठेवली."

त्यांचे गहू मी दोनदा काढून दिले. दुसऱ्या खेपेचेही पैसे घेतले, ते सोडले नाहीत. पलीकडचा गिरणीवाला शाल सावरत पुढे आला आणि नारळ माझ्या तराजूत ठेवायला लागला. "तुझा आहे हा," तो हळूच म्हणाला. मी नारळ त्याला परत दिला. त्यानं मला दिलेला नारळ मला नको होता. कमिटीनं द्यायचा होता, कर्ण्यावरून, माझं नाव घेऊन.

अजून दिलेला नाही.